भूर्जाच्या चकत्या

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सध्या एका टोकाला चकलीचा सोऱ्या आहे आणि दुसऱ्या टोकाला लाकडाच्या चाळीस चकत्या. चकल्या दिवाळीच्या, चकत्या नाताळच्या. मुलगा येता-जाता दोन्हींकडे हात मारतो आणि चकलीला लाकडाचा भुसा लागला की मी ओरडते. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे नवीन नाही. इथे फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच हॅलोविन येतो, आणि तो आवरेपर्यंत दुकानांत नाताळची गाणी लागलेली असतात.

मी मूळची सावंतवाडीची. एम. ए. झाल्यावर तिथल्याच एका हायस्कुलात सात वर्षं मराठी शिकवलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे गॉलवेला आलो. शिक्षक कुठेही गेला तरी शिक्षकच, असं मी तिथल्या निरोप समारंभात मोठ्या ऐटीत म्हणाले होते. इथे आल्यावर कळलं की प्राथमिक शाळेत रीतसर शिक्षक व्हायचं तर आयरिश भाषा यावी लागते, आणि माध्यमिक शाळेत मराठी हा विषयच नाही. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. आपल्याकडेही मराठी न येणाऱ्या बाईंना कुणी पहिलीचा वर्ग दिला नसता. पण रास्त असलं तरी लागायचं ते लागतंच. "तू काय करतेस?" या प्रश्नाला मी पहिली दोन वर्षं "सध्या घरीच" असं उत्तर देत असे आणि त्यातल्या 'सध्या'वर जरा जास्तच जोर देत असे.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये आयर स्क्वेअरच्या नाताळ बाजारात गेलो. तिथे एका खोक्यात फांदीच्या गोल चकत्या होत्या, वर भोक पाडून सुतळी ओवलेली आणि मधे डागून काढलेलं हरीण. किंमत आठ युरो. रुपयांत गुणाकार करायची सवय अजून गेलेली नव्हती. मी चकती खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, "आमच्या चितार आळीत एवढ्या पैशांत आख्खी फळांची परडी आली असती."

चितार आळी म्हणजे सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची आळी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, वांगी, मिरच्या, अशी रंगवलेली की पाहुण्यांनी हात लावून खात्री करावी. पर्यटक ती कौतुकाने नेतात. आम्ही गावातले लोक त्या दुकानांवरून रोज शाळेत जायचो आणि ढुंकूनही बघायचो नाही. लाकडाला रंध्याखाली येणारा तो वास मला गॉलवेच्या थंडीत, परक्या बाजारात, एकदम ओळखीचा वाटला.

२०२३ मध्ये म्हटलं, करून तर बघू. शेजारच्या आजींनी चेरीची फांदी छाटली होती ती मागून आणली. करवतीने भराभर वीस चकत्या पाडल्या, रंगवल्या, खिडकीत टांगल्या. आठवड्याभरात प्रत्येक चकतीला कडेपासून मधोमध उभी चीर गेली. आजी बघायला आल्या आणि हसल्या. "ओलं लाकूड कापलंस होय? ते वाळताना आक्रसतं. बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त आक्रसते, मग फाटायचंच." त्यांचे वडील सुतार होते. गॉलवेतलं माझं लाकूडकामाचं शिक्षण त्या एका वाक्यापासून सुरू झालं.

२०२४ मध्ये शहाणी झाले. वाळलेली फांदी घेतली आणि हिममानव, तारे, घंटा असं सगळं काढून शाळेच्या नाताळ विक्रीत पालकांच्या टेबलावर मांडलं. स्वतःसाठी विकायचा प्रश्नच नव्हता. माझ्या कार्डावर स्टॅम्प वन-जी आहे. त्यावर नोकरी करता येते, स्वतःचा धंदा काढता येत नाही. जमतील ते पैसे शाळेच्या वाचनालयाला जाणार होते. पण जमेचनात! असले हिममानव कुठल्याही स्वस्त दुकानात मिळतात आणि ते माझ्यापेक्षा सरळ असतात. तासाभरात तीन चकत्या गेल्या. त्यांतली एक मुलाच्या वर्गशिक्षिकेने घेतली, म्हणजे ती धरायची नाही.

मुलगा कंटाळला म्हणून मी एका कोऱ्या चकतीवर डागायच्या पेनने त्याचं नाव देवनागरीत लिहून दिलं. ते गळ्यात घालून तो हॉलभर हिंडून आला. पाच मिनिटांनी त्याच्या मागून दोन मुली आल्या. "हे काय आहे? माझं नाव असं लिहिता येतं?" एकीचं नाव नीव. रोमन लिपीत तिला त्यासाठी पाच अक्षरं लागतात आणि त्यांतली शेवटची दोन बघून 'व'चा उच्चार कुणा परक्याला सुचणार नाही. देवनागरीत दोन अक्षरांत काम झालं. दुसरी कीवा, तिची रोमन अक्षरं सात. मग टायग आला, सीर्शा आली. तोंडाने नाव सांगा, जसं ऐकू येईल तसं लिहिते, असं म्हटल्यावर मुलांना ते फारच आवडलं. ज्यांच्या नावाचं स्पेलिंग जगभर चुकतं त्यांना पहिल्या फटक्यात बरोबर लिहिणारी लिपी भेटली होती. पस्तीस चकत्या, प्रत्येकी तीन युरो. वाचनालयाला एकशे पाच युरो मिळाले.

खरी गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यात घडली. वर्गशिक्षिकेने विचारलं, सुट्टी लागण्याआधी तासभर वर्गात येऊन हे अक्षर लिहायचं कसं ते दाखवाल का? मी हो म्हटलं आणि आदल्या रात्री झोपले नाही. सात वर्षं रोज पाच-सहा तास घेणारी बाई एका तासाला घाबरली! फळ्यासमोर उभी राहिले आणि आधी आडवी रेघ ओढली. "ही कपड्यांची दोरी," मी म्हटलं. "आता अक्षरं हिच्यावर वाळत घालायची." मागून एक मुलगा म्हणाला, "गॉलवेत वाळणार नाहीत." सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि भीती गेली. पुढे एकीने हात वर करून मला हाक मारली ती आयरिशमधल्या 'शिक्षक' या शब्दाने. इथल्या मुलांच्या तोंडी तो 'मूंट्योर' आणि 'मूंचोर' यांच्या मधला कुठलातरी ऐकू येतो. साडेतीन वर्षांनी कुणीतरी बाई म्हणून हाक मारली, आणि त्यात 'चोर' ऐकू आला तरी माझी काही तक्रार नव्हती.

त्यानंतर महिन्याभराने एओविन वादळ आलं. २४ जानेवारी २०२५ ची पहाट आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला वाऱ्याने ताशी १८० किलोमीटरचा आकडा ओलांडला आणि देशभरात साडेसात लाखांहून अधिक घरांची वीज गेली. आमची चौथ्या दिवशी आली. तोवर गॅसच्या छोट्या शेगडीवर पिठलं-भात होत होता आणि शेजारच्या आजी आमच्याकडेच जेवत होत्या.

त्यांच्या अंगणातलं पांढऱ्या सालीचं झाड मधल्या भिंतीवर आडवं झालं होतं. मुलगा जन्मला त्या वर्षी त्यांनी ते रोपवाटिकेतून आणलं होतं. मुलगा आता सिडनीत असतो. "हिमालयन बर्च म्हणून चिठ्ठी होती त्याला," त्या म्हणाल्या. मी भिंतीजवळ जाऊन सालीला हात लावला. कागदासारखा पातळ पापुद्रा हातात आला. हिमालयातला बर्च म्हणजे आपला भूर्ज! भूर्जपत्रांवर आपल्याकडे पोथ्या लिहीत, हे मी सात वर्षं मुलांना सांगत आले. झाड मात्र कधी पाहिलं नव्हतं. ते पहिल्यांदा भेटलं ते गॉलवेत, भिंतीवर पडलेलं.

आजींनी फांद्या मला दिल्या. हिवाळ्यात पडलेल्या झाडाची साल लाकडाला घट्ट धरून राहते. उन्हाळ्यात रस चढल्यावर कापलं तर ती सुटते. तुमच्याही अंगणात फांदी पडली असेल तर सांगते. मनगटाएवढी जाड निवडा. दोन्ही टोकांना मेण लावा, म्हणजे ती घाईने वाळून फाटणार नाहीत. पाऊस लागणार नाही पण वारा लागेल अशी ठेवा. आठ-नऊ महिन्यांनी करवतीने पाऊण सेंटिमीटरच्या चकत्या पाडा; थोड्या तिरक्या कापल्या तर लांबट होतात आणि लिहायला जागा मिळते. तरीही पाचातली एखादी फाटेल, ती फाटू द्यावी. आधी जाडा, मग बारीक पॉलिश पेपर. रेघ आधी डागायची, अक्षरं मागून, नाहीतर नाव उतरणीला लागतं.

फांद्या वाळत होत्या तेव्हा उन्हाळ्यात आम्ही कॉर्कला गेलो. तिथल्या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत एक लांब दगडी ओवरी आहे, तिथे ओघम लिपीचे दगड उभे केले आहेत. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची आयर्लंडची लिपी. दगडाची कड हीच मधली रेघ आणि तिच्या अल्याड, पल्याड किंवा आरपार एक ते पाच खाचा. वाचायचं खालून वर. मी मान वाकडी करून बराच वेळ उभी होते. उभी केलेली शिरोरेषाच की ही! परंपरेने या अक्षरांना झाडांची नावं आहेत, आणि पहिलं अक्षर 'बेह', म्हणजे भूर्ज. बहुतेक दगडांवर मजकूर एवढाच असतो: अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. नुसती षष्ठी. एवढा दगड आणायचा, इतक्या खाचा मारायच्या, आणि लिहायचं काय, तर कुणाचा कोण.

परवा आजी त्यांची चकती मागायला आल्या. मुलाचं नाव हवं होतं. इथे नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावतात, त्या खिडकीत टांगणार म्हणाल्या. देश सोडून गेलेल्यांसाठी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी १९९० च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष भवनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा ठेवला होता, तेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "ओघममध्ये लिहू का? मला येतं आता."

"नको," त्या म्हणाल्या. "तुझ्याच लिपीत लिही. फोटो पाठवते. हे काय लिहिलंय ते विचारायला तरी फोन करेल."

मी लिहून दिलं. त्या गेल्यावर अजून एक चकती घेतली आणि त्यावर 'आई' लिहिलं. हा दागिना यंदा आमच्या आकाशकंदिलाखाली लागेल आणि तिथून पुढे नाताळच्या झाडावर जाईल. ६ जानेवारीला इथे सजावट उतरवतात. त्या दिवसाला बायकांचा नाताळ म्हणतात. घरकाम पुरुषांनी करायचं असा रिवाज. तेव्हा उतरवून ठेवायचं काम नवऱ्याचं.

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्हाला पाच वर्षं होतील आणि शिक्का बदलायला अर्ज करता येईल. नवऱ्याने धंद्याचं नावसुद्धा ठरवून ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तूर्तास शाळेचा निरोप आलाय, यंदा दोन वर्गांत यायचं आहे. "तू काय करतेस?" असं परवा बसमध्ये कुणीतरी विचारलं, तर मी म्हटलं, "नावं लिहिते." त्या बाईंनी लगेच आपलं सांगितलं.