डोंगर विकणारी रेल्वे

मोंटानात १९१० साली ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तेव्हा त्याच्या दक्षिण हद्दीला लागून ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे रूळ केव्हाचे पडलेले होते. प्रश्न एवढाच, की त्या रानात उतरणार कोण? पैसेवाला अमेरिकन सुट्टी लागली की बोटीत बसून आल्प्सकडे निघायचा. कंपनीची सूत्रं हाती असलेल्या लुई हिल यांनी त्याच्यासमोर घोषणा टाकली: ‘आधी अमेरिका पाहा’. उद्यानात स्विस धाटणीची हॉटेलं उभी राहिली, आणि पोस्टरं झळकली.

गंमत म्हणजे यातल्या कितीतरी पोस्टरांत आगगाडी नाहीच. ना धूर, ना डबे.

आहेत ती माणसं. विनोल्ड राइस या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकारानं ब्लॅकफीट आदिवासींची व्यक्तिचित्रं काढली आणि १९२८पासून ती कंपनीच्या कॅलेंडरांवर घरोघरी पोचली. हार्लेममधल्या कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांना रंगवणारा राइस तो हाच. कपडे सपाट, चटकदार रंगांत. चेहरा मात्र सुरकुतीसकट घडवलेला. समोरचा माणूस ‘नमुना’ नाही, त्याला नाव आहे, हे चित्र पाहताच कळतं. तिकीट खपवायला काढलेल्या चित्रात एवढा आदर यावा, याचं नवल वाटतं.

कंपनीचा आदर मात्र सोयीपुरता. जे डोंगर ती विकत होती ते ब्लॅकफीटांचेच. उद्यानाचा पूर्वेकडचा पट्टा त्यांनी १८९५च्या करारानं १५ लाख डॉलरला सरकारला दिला होता. तिथल्या शिकारीचा हक्क करारात राखला होता. उद्यान झालं आणि शिकारीला बंदी आली. ज्यांना आपल्याच रानात शिकार करता येईना, त्यांना हिल यांनी १९१३ साली न्यूयॉर्कला नेलं आणि मॅकअल्पिन हॉटेलच्या गच्चीवर त्यांच्या राहुट्या ठोकल्या. जाहिरात जोरात झाली, यात शंका नाही.

१९३३ साली ‘गोइंग-टु-द-सन’ रस्ता डोंगर ओलांडून पलीकडे गेला. लोक आपापल्या मोटारीनं येऊ लागले आणि रेल्वेची सद्दी ओसरली. हिल यांच्या वडिलांच्या बिरुदावरून नाव पडलेली ‘एम्पायर बिल्डर’ गाडी आजही धावते, आता ती अ‍ॅमट्रॅककडे आहे. उन्हाळ्यात ती ईस्ट ग्लेशियरला थांबते. ते स्टेशन उद्यानाच्या हद्दीत नाही, ब्लॅकफीटांच्या राखीव प्रदेशात आहे.