अंगठ्याला अंगठ्याचा उतारा

पेण, हमरापूर, जोहे भागातला गणेशमूर्ती घडवणारा कारागीर ऐन हंगामात दुखणं घेऊन माझ्याकडे येत नाही. त्याला तेवढी उसंतच नसते. गणपती गेले की मग रीघ लागते. साच्यात माती दाबणाऱ्याचा अंगठा ठणकत असतो, रंगकाम करणाऱ्याचा खांदा भरून आलेला असतो आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याची मान धरलेली असते. मांडी घालून, मान पुढे काढून, मनगट अधांतरी धरून तासन्‌तास बसलेल्या या माणसाच्या मानेच्या मुळाशी हात लावला, तर स्नायू दोरीसारखा घट्ट लागतो. पापड लाटणाऱ्या बायकांचीही हीच गत. त्यांचं दुखणं मनगटातून कोपराकडे चढतं.

या मंडळींना अॅक्युप्रेशर शिकवताना दाब म्हणजे काय हे सांगावंच लागत नाही. किती जोर लावला की शाडू साच्याच्या कोपऱ्यात नीट बसते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. म्हणून त्यांना झोपवून उपचार करण्यापेक्षा मी त्यांच्याच बोटांना जागा दाखवून देते. दुखणं रोजच्या कामातलं, तर उताराही रोज हाताशी हवा. आठवड्यातून एकदा माझ्या दारात येऊन ते भागत नाही.

हात भरून आला असेल, तर कोपर काटकोनात वाकवा. बाहेरच्या बाजूला घडी जिथे संपते, तिथून मनगटाच्या दिशेने, अंगठ्याच्या बाजूने, दोन अंगठे खाली या. माप ज्याचं दुखतंय त्याच्याच अंगठ्याचं, माझ्या नव्हे. तिथे दाबलं की आत एक जड कळ पसरते, पण हात मागे घ्यावासा वाटत नाही. जागा सापडल्याची हीच खूण. श्वास सोडत सोडत दाब वाढवायचा, अर्धा-एक मिनिट धरायचा आणि हळूच सोडायचा. रगडायचं नाही. खांद्यासाठीची जागा मानेचं मूळ आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्यावर. डोकं किंवा दाढ दुखत असेल, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल उंचवट्यावर, तर्जनीच्या हाडाकडे रोख ठेवून दाबायचं. चिनी वैद्य या जागेला हेगू म्हणतात. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र हेगू, खांद्यावरची ही जागा आणि आतल्या घोट्याच्या वरची जागा मी दाबत नाही. परंपरेनेच ते वर्ज्य मानलंय.

या विद्येच्या वाटेवर आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भेटतात. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते उपचार करू लागले. सुईच्या जागा आणि दाबाच्या जागा एकच.

दाबाने दुखणं का कमी होतं? मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली उपपत्ती मला पटते. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड मज्जातंतूंतून येतात, वेदनेचे बारीक तंतूंतून. मज्जारज्जूत जणू एक दार असतं, तिथे दाबाचे संदेश वेदनेच्या संदेशांना अडवतात. शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यंही तयार करतं, हे १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी दाखवलं. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तैवानमधल्या १२९ रुग्णांवरचा अभ्यास आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ज्यांना अॅक्युप्रेशर दिलं, त्यांना फिजिओथेरपी घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला आणि सहा महिन्यांनीही तो टिकून होता. अभ्यास एकच आणि लहान, तरी तो मला मोलाचा वाटतो, कारण हेच मी रोज हाताखाली अनुभवते.

पण तळपायाच्या तक्त्यावर यकृत, मूत्रपिंड, हृदय दाखवून तिथे दाबलं की ते अवयव बरे होतात, असं जे सांगितलं जातं, ते मी शिकवत नाही. साखर किंवा रक्तदाबाची गोळी कुणी माझ्या भरवशावर बंद करू नये. छातीत कळ येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, पोटरी एकाएकी सुजून गरम झाली, कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मी बोटही लावत नाही. थेट दवाखान्यात पाठवते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर जोराचा दाब नकोच.

आणि काम तसंच चालू राहिलं, तर दाबून मिळालेला आराम संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. म्हणून मी कारखान्यात जाऊन बसण्याची पद्धत बघते. मूर्ती वीतभर उंच पाटावर घेतली की मान सरळ राहते. आखणीच्या वेळी कोपराखाली कापडाची गुंडाळी ठेवली की खांद्यावरचा भार उतरतो. ब्रशच्या बारीक दांड्यावर चिंधी गुंडाळून तो जाड केला, तर अंगठा आवळून धरावा लागत नाही. एका कारखान्यात आता दुपारच्या चहाला कारागीर एकमेकांचे खांदे दाबून देतात, आणि नव्या पोराला जागा कशी शोधायची हे तेच शिकवतात.