घरातला जासूस

आम्ही पेशाने शिक्षक. अकोटमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. झालेले असलो तरी संगणकाचे आमचे ज्ञान एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रापुरतेच. तरीही २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरच्या संगणकाचे डॉक्टर झालो.

संगणक फार रेंगाळू लागला होता. चालू करून चहा पिऊन यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असायचे. न मागता जाहिराती उघडायच्या. शाळेतले सहकारी म्हणाले, "सर, यात स्पायवेअर शिरलंय." स्पायवेअर म्हणजे आपला जासूसच. मालकाला पत्ता लागू न देता त्याची माहिती टिपतो आणि बाहेर पोचवतो.

कूलरसमोर बसून आम्ही फुकटचे औषध शोधू लागलो. पहिल्याच प्रोग्रामने अर्ध्या मिनिटात शेकडो दोष दाखवले आणि ते काढायचे पैसे मागितले. अम्मी म्हणाली, "नाडी न पाहता रोग सांगणाऱ्या हकीमाचं औषध घेऊ नये." तिचे खरे निघाले. अशी नकली औषधे बरेचदा स्वतःच रोग असतात. मग सहकाऱ्यांनी नियम सांगितले. प्रोग्राम बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नये, कारण फुकटच्या सामानात नको ते बांधून येते. आणि कायम पहारा देणारे दोन प्रोग्राम एकत्र ठेवू नयेत, ते आपसातच भांडतात.

भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे संगणक साफ करण्याची साधने मोफत मिळतात, हे आम्हाला तेव्हा कळले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या क्विक हीलचेही साधन त्यात होते. दुरून कोणी आपला संगणक राबवत असेल तर ते शोधणे हे त्याचे काम. तसा रोग आमच्याकडे नव्हता. मग मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती घेतली. ती कायम पहारा देत नाही, पण सांगितले की घर झाडून देते.

तासाभराने यादी आली. बहुतेक नावे जाहिरातवाल्यांची होती. एक नाव मात्र ओळखीचे निघाले. तो प्रोग्राम आम्हीच बसवला होता.

गोष्ट २०२० ची. अब्बांच्या इंतकालानंतर घरची जबाबदारी आमच्यावर आलेली. लॉकडाऊन लागला, शाळा-कॉलेजे बंद झाली आणि अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावरची आमची छोटी बहीण दिवसभर संगणकापुढे बसू लागली. लोक काहीबाही बोलत. आम्ही एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. छोटी दाबेल ती प्रत्येक कळ तो टिपायचा आणि अहवाल आमच्या मेलवर यायचा. काही महिने आम्ही ते अहवाल वाचले. त्यात नोट्स होत्या, मैत्रिणींच्या गप्पा होत्या, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा होती: अमरावतीत बी.एस्सी., मुलींचे वसतिगृह, फी किती.

तिला शिकायला अमरावतीला जायचे होते, हे आम्हाला ठाऊक झाले. पण विषय काढावा कसा? तुम्हाला कसे कळले असे तिने विचारले असते तर? आम्ही ती बोलेल म्हणून थांबलो, ती आम्ही विचारू म्हणून थांबली. २०२१ मध्ये तिने अकोटलाच बी.ए.ला प्रवेश घेतला. आम्ही अहवाल पाहणे सोडले, प्रोग्राम मात्र चार वर्षे चालूच राहिला. अहवाल आधी त्या अनोळखी कंपनीकडे जायचा, मग आमच्याकडे. म्हणजे छोटीचे पासवर्ड, शिष्यवृत्तीच्या अर्जातला खाते क्रमांक, अम्मीचा आधार क्रमांक, सारे परक्याच्या हाती आम्हीच दिले होते.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुसची मनाई आहे. हजरत उमर यांचा किस्सा आम्ही मुलांना कितीदा सांगितला असेल! गुन्हा पकडायला ते रात्री एका घराची भिंत चढून आत गेले. घरमालक म्हणाला, माझी चूक एक, तुमच्या तीन: टेहळणी केलीत, दारातून आला नाहीत, परवानगी घेतली नाहीत. खलिफांनी ते मान्य केले, असे सांगतात. मुलांना हे सांगताना आम्ही स्वतः भिंतीवर बसलेलो होतो.

पडद्यावर प्रश्न होता, 'क्वारंटाइन करायचे?' २०२० मध्ये सगळ्या अकोटला पाठ झालेला हा शब्द. आम्ही होय म्हटले. यंत्राचे काम तिथे संपले. रात्री छोटीला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाई, पूछ लेते तो मैं बता देती."

आम्ही मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून एकेक पासवर्ड बदलला. तिचे तिने टाइप केले, तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. मग आम्ही चार वर्षे उशिराने तो प्रश्न विचारला, "पुढे काय शिकायचंय?"

त्याच वर्षी तिने अमरावतीत बी.एड.ला प्रवेश घेतला आणि वसतिगृहात राहायला गेली. बी.एस्सी. राहिली ती राहिलीच. ती अधूनमधून सुट्टीला येते, संगणक उघडते, आणि आम्ही खोलीत जाताना दारावर टकटक करतो.