डावी साखळी

आपल्या घरात एखाद्या सकाळी कुणाचा हात अचानक जड झाला, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसले किंवा बोलणे अडखळू लागले, तर ‘थोडे पडून पाहू’ असे म्हणू नका. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी नेमके तसेच म्हटले. डावा हात बधिर वाटला, तो रात्री कुशीखाली दबला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. दाढी केली, पोहे खाल्ले, वर्तमानपत्र चाळले. पत्नीने तीनदा सांगितले, “अहो, चला दवाखान्यात.” मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मी पोहोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. ती वेळ माझ्या हट्टापायी गेली, दुसऱ्या कुणामुळे नव्हे.

एवढे आधी सांगणे मला आवश्यक वाटले. आता ज्यासाठी लेखणी उचलली त्याकडे वळतो. विषय आहे रणगाडा. साठीच्या माणसाने घरात बसून तयार केलेला, दूरनियंत्रकावर चालणारा, दोन हातांत उचलता येईल एवढा.

या शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे यंत्र गुप्तपणे बांधले, तेव्हा शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्याला ‘टँक’, म्हणजे पाण्याची टाकी, असे फसवे नाव दिले आणि सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ते प्रथम उतरवले. आपला ‘रणगाडा’ मात्र काही लपवत नाही. रणही त्यात आहे आणि गाडाही. शिवाय आमच्या छत्रपती संभाजीनगरात ‘टँक’ म्हटले की आजही आधी पाण्याचीच टाकी आठवते आणि नळाला पाणी कधी येणार याची चिंता लागते. त्यामुळे मराठी शब्दच बरा.

माझी उभी हयात वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये गेली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर ज्याची रोजीरोटी चालली, त्या माणसाला रुग्णालयातून घरी आल्यावर शर्टाची गुंडी लावता येईना. माझा उजवा हात शाबूत होता. लोक म्हणत, “नशीब, डावाच गेला.” डावा हात काय काम करतो हे तो गेल्याशिवाय कळत नाही. उजवा हात कापतो, पिळतो, ठोकतो. पण ते सारे ज्याच्यावर करायचे ती वस्तू धरून ठेवतो तो डावा.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम दिले होते. मऊ चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे, एका वाटीतील राजमा एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचा. व्यायाम योग्यच होते. मी मात्र ते मन लावून केले नाहीत. एका वाटीतून दुसरीत गेलेला राजमा उद्या पुन्हा पहिल्या वाटीत येणार, हे माहीत असताना माणसाने किती उत्साह आणावा? पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांना औदासीन्य ग्रासते. तो स्वभावदोष नसून आजाराचाच भाग असतो आणि त्यावर उपचार आहेत, हे मला नंतर समजले. त्या दिवसांत मी फक्त पंख्याकडे पाहत पडून असे.

अशा एका संध्याकाळी नातू माळ्यावरून एक खोके घेऊन आला. “आजोबा, ह्याची चेन निघालीय. तुम्ही बसवा ना.” त्याच्या वडिलांनी हौसेने आणलेला, एकास सोळा प्रमाणातला, चिनी बनावटीचा टी-७२ रणगाडा होता तो. त्याच्या तोफेतून प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या सुटत. कुणाच्या डोळ्यात गेली म्हणजे, या भीतीने सूनबाईंनी तो माळ्यावर टाकला होता. भीती अगदी रास्त होती. पुढे मी पहिल्यांदा काय केले असेल, तर ती गोळ्यांची यंत्रणाच उपसून काढली.

रणगाड्याची साखळी म्हणजे सायकलची चेन नव्हे. ती सुट्या दुव्यांची असते आणि प्रत्येक दोन दुवे बारीक खिळीने जोडलेले असतात. एका बाजूला असे नव्वदेक दुवे. डाव्या हाताच्या चिमटीत दुवा धरायचा, भोके एका रेषेत आणायची आणि उजव्या हाताने खिळ सरकवायची. पहिल्या संध्याकाळी एक खिळ बसवायला मला पाऊण तास लागला. ती चौदा वेळा जमिनीवर पडली. नातू दर वेळी पलंगाखालून शोधून आणी. पंधराव्या वेळी ती बसली, तेव्हा टूलरूममध्ये पहिला डाय जमल्यावरही झाला नव्हता इतका आनंद मला झाला.

ताईंना हे सांगितले, तेव्हा त्या राजम्याची वाटी बाजूला सारून म्हणाल्या, “काका, मग आता हेच करा.” त्यांनी समजावून दिले ते असे : मेंदूचा जो भाग निकामी होतो त्याचे काम काही अंशी शेजारचे भाग शिकू शकतात, पण त्यासाठी तीच हालचाल पुष्कळ वेळा आणि काही हेतूने व्हावी लागते. काही रुग्णांमध्ये बऱ्या हाताला जाड मोजा घालून मुद्दाम अडवून ठेवतात, म्हणजे दुबळ्या हाताला काम करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे अर्थातच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचे. मला मोज्याची गरज पडली नाही. साखळीने माझे दोन्ही हात कामाला जुंपले होते.

तीन आठवड्यांनी साखळी पूर्ण झाली. बॅटरी जोडून रणगाडा बोळात सोडला, तर तो सरळ जाईना. डावीकडे ओढत जाऊन भिंतीला धडके. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली आणि म्हणाली, “तुमच्याच वळणावर गेलाय.” मग तिचे तिलाच वाईट वाटले असावे, कारण ती लगेच आत गेली. पण तिने अचूक सांगितले होते. तेव्हा मी चालतानाही डावा पाय मागे राहून तसाच भिंतीकडे जात असे.

रणगाड्याला सुकाणू नसते आणि त्याची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. वळायचे असेल तेव्हा एका बाजूची साखळी मंद करायची. रणगाडा त्या बाजूला वळतो. एक साखळी पुढे आणि दुसरी मागे फिरवली तर तो जागच्या जागी गिरकी घेतो. खऱ्या टी-७२मध्ये चालकाच्या हाती यासाठी दोन दांडे असतात. प्रतिकृतीत दोन स्वतंत्र मोटारी असतात. एक मोटार अशक्त असली, की आपण कितीही सरळ म्हणा, तो वाकडाच जाणार. दात्यांचे डबे उघडून पाहिले, तर डावीकडचे एक चक्र झिजले होते. तेथे पोलादी दाते बसवले, साखळीचा ताण बेताचा केला. ताण जास्त झाला तर मोटार तापते, कमी झाला तर वळणावर साखळी निसटते. पेचकस, पक्कड, कानस ही माझी जुनी मंडळी हळूहळू टेबलावर परतली. डाख लावण्याचे काम मात्र बरेच दिवस मुलाकडे होते. बधिर बोटांना चटका उशिरा कळतो.

आता गणिताचा थोडा भाग, कारण माझे चालणे त्याच्याशी निगडित आहे. खरा टी-७२ रस्त्यावर ताशी सुमारे ६० किलोमीटर धावतो. सोळाने भागले तर पावणेचार. म्हणजे प्रतिकृती प्रमाणात चालवायची असेल तर ती माणसाच्या चालीनेच चालली पाहिजे. खेळण्यासारखी सुसाट सुटली की तिची सारी ऐट जाते. वजनाचा हिशेब आणखी गमतीचा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सोळा पटींनी घटतात, म्हणून वजन ४०९६ पटींनी घटते. ४१ टनांचे दहा किलो! माझा प्लॅस्टिकचा गडी जेमतेम चार किलोंचा होता. तो खड्ड्यांवरून उड्या मारी. शिशाचे तुकडे भरून त्याला जड करता आले असते, पण घरात मूल आहे. मी लोखंडी पट्ट्या वापरल्या.

हा गडी घेऊन आम्ही पहाटे आमखास मैदानावर जाऊ लागलो. तोवर मी काठीशिवाय घराबाहेर पडलो नव्हतो. दूरनियंत्रकाला दोन अंगठे लागतात, उजवा वेगासाठी आणि डावा वळणासाठी. मग काठी धरायची कशाने? पहिल्या दिवशी मी ती पत्नीकडे दिली आणि रणगाड्यामागे निघालो. वीस-पंचवीस पावले गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मी खाली पायांकडे पाहत नाही, पुढे पाहतो आहे. त्याच क्षणी तोल गेला. पत्नीने दंड धरला म्हणून निभावले. ताई रागावल्या, आणि त्यांचे रागावणे योग्यच होते. अशा रुग्णाला पडून मांडीचे हाड मोडणे परवडत नाही. त्यांनी कमरेला पट्टा बांधायला सांगितले, तो मागून मुलाने किंवा पत्नीने धरायचा. असा आमचा जथा चाले : पुढे रणगाडा, मागे मी आणि माझ्या मागे माझा लगाम. फिरायला येणारी मंडळी थांबून पाहत.

हात थोडा वळू लागला तसा लोभ वाढला. ‘विजयंता’ करावा असे मनाने घेतले. तमिळनाडूतील आवडीच्या कारखान्यात साठच्या दशकापासून बांधला गेलेला, १०५ मिलिमीटर तोफेचा हा रणगाडा बाजारात तयार मिळण्याची मला आशा नव्हती. मापे आणि छायाचित्रे घ्यायला आम्ही अहिल्यानगरला गेलो. तेथील रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाले. उन्हात ओळीने उभे असलेले मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन आणि विजयंता मी बाकांवर बसत-बसत पाहिले. अहिल्यानगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, पेटलेला असतानाही, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी तो सोडला नाही. पुण्यात जन्मलेले हे परमवीर चक्राचे मानकरी तेव्हा २१ वर्षांचे होते. घरी परतल्यावर मी माझ्या टी-७२मधील मशीनगनच्या आवाजाची तार तोडून टाकली. इंजिनाची घरघर राहू दिली. नातू नाराज झाला. त्याला कारण सांगण्याचा प्रयत्न केला, पण नीट सांगता आले नाही.

विजयंताला आठ महिने लागले. चेसिस टी-७२ची, ती कापून अरुंद केलेली. धड आणि टरेट प्लॅस्टिकच्या पत्र्याचे. तोफेची नळी प्रमाणात सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. ती पत्नीच्या छत्रीच्या दांडीतून निघाली. या छत्रीबद्दल घरात अजून बोलले जाते. रंग पाण्यात विरघळणारा घेतला, कारण थिनरचा वास बंद खोलीत दिवसभर छातीत जातो. डाख लावताना उठणारा राळेचा धूरही दम्याच्या माणसाला बाधतो, म्हणून हे काम गच्चीत आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुऊनच. लिथियम बॅटरी मात्र समोर बसूनच चार्ज करायची. रात्री लावून झोपायचे नाही आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, हे दोन नियम आमच्याकडे नातवालाही पाठ आहेत.

छावणीत राहणाऱ्या एका निवृत्त रिसालदारांना मी तो दाखवायला नेला. तरुणपणी त्यांनी खरा विजयंता चालवला होता. इंजिनाच्या आणि तोफेच्या आवाजाने त्यांचे कान जवळजवळ गेले आहेत, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. त्यांनी रणगाडा उचलून डोळ्यांजवळ नेला. चालकाचे झाकण उजवीकडे आहे ना, हे आधी तपासले आणि मग ओरडले, “चिखल कुठाय? इतका स्वच्छ गाडा फक्त परेडला असतो!”

मी सातारा परिसरातील मुरुम वस्त्रगाळ केला, पातळ गोंदात कालवला आणि ब्रशने चाकांवर चढवला. ब्रश उजव्या हातात, पण चाकांच्या मधल्या फटीत तो जाईना. तेथे डाव्या हाताच्या बोटानेच लेप लावला. रिसालदार पुन्हा पाहून म्हणाले, “ही इथली माती झाली. आम्ही राजस्थानात होतो, तिकडची रेती पिवळी असते.” बदलू का, असे विचारले, तर त्यांनी हातानेच नको म्हटले.

माझी करंगळी अजून मिटत नाही. थंडीत सारा हात आखडतो. औषधे, रक्तदाबाची वही आणि ताईंचे व्यायाम सुरूच आहेत, राजम्यासह. सध्या टेबलावर सेंच्युरियनचा आराखडा आहे. पत्नीने नवी छत्री घेतली असून ती कपाटात कुलपाआड ठेवली आहे.