तसबिरीची पाठ

ज्या नगरीत राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे राजघराण्याच्या संग्रहालयात विराजमान आहेत, त्या नगरीत बेताच्या प्राप्तीच्या माणसाने आपल्या भिंतीवर काय लावावे, हा प्रश्न आम्हां बडोदेकरांना नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1888 साली रविवर्म्याकडे 14 पौराणिक चित्रांची कामगिरी सोपविली. पण त्याही आधी, 1875 ते 1882 या काळात इथले दिवाण असलेल्या सर टी. माधवरावांनी त्या चित्रकाराला एक व्यवहारी सल्ला दिला होता. मागणी इतकी मोठी आहे की ती दोन हातांनी पुरी व्हायची नाही. तेव्हा काही निवडक चित्रे युरोपात धाडून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असा त्याचा आशय. पुढे 1894 साली मुंबईत छापखाना निघाला, तो नंतर कार्ले-लोणावळ्याकडे गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर येऊन बसल्या. सामान्यांना परवडणाऱ्या चित्राची कल्पना एका दिवाणाच्या डोक्यात यावी, याचा आम्हांस, निवृत्त का होईना पण सरकारी नोकर म्हणून, थोडा अभिमान वाटतो.

त्यांतली एक सरस्वती आमच्या दांडिया बाजारातील वाड्यात होती. आजोबांनी आणलेली. वीणेच्या कडेने व पदराच्या काठावर घरातल्याच कुणा बाईने जरीचे टाके घातलेले. त्या काळी ही हौस पुष्कळ घरांत होती. वाडा गेला, आम्ही तिघे भाऊ तीन गावांना पांगलो, आणि सरस्वती तूर्तास म्हणून आमच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत आली. तूर्तास या शब्दाचे शासकीय आयुष्य किती असते, हे वाचकांस सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात काचेच्या आत कसर फिरताना दिसली, तेव्हा आम्ही ती रावपुऱ्यातील एका गल्लीत, पस्तीसेक वर्षे फ्रेमा बांधणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने पक्कडीने बारीक चुका उपसल्या आणि तसबीर पालथी घातली. पाठीला जुन्या खोक्याच्या फळ्या ठोकलेल्या होत्या. त्या काढल्यावर चित्राच्या मागच्या बाजूस तपकिरी पट्टे दिसले. फळ्यांच्या फटी जिथे होत्या, नेमके तिथेच. लाकडातले आम्ल आणि बाहेरची हवा अशी फटीफटीतून शंभर वर्षे कागदात झिरपत होती. समोरून आम्ही रोज नमस्कार करीत होतो. मागे हे चालले होते.

कारागिराने सुचविले, की कडेचा पिवळा कागद कापून टाकला तर तयार मापाची फ्रेम बसेल आणि खर्च निम्म्यावर येईल. त्या कडेवरच छापखान्याचे नाव होते. आम्ही नकार दिला. पुढचा सारा खर्च, खरे सांगायचे तर, न दिसणाऱ्या गोष्टींवर झाला : आम्लरहित पुठ्ठ्याचे माउंट, चित्र व काच एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मधे सोडलेली फट, डिंकाऐवजी खळीने वरच्या काठाला लावलेल्या पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, पाठीला कागदाचे आवरण, आणि खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत व तसबीर यांच्यामधून हवा खेळते. बडोद्याच्या पावसाळ्यात हे बुचाचे तुकडे सोनेरी नक्षीच्या पट्टीपेक्षा मोलाचे आहेत, असे आमचे ठाम मत आहे. लोक मात्र पट्टी पाहूनच फ्रेम पसंत करतात.

त्याच फेऱ्यांत आम्हांला दुसरा नाद लागला. इथली ललितकला विद्याशाखा 1950 सालची. बेंद्रे तिथे शिकवीत, ज्योती भट्ट तिथलेच. त्यामुळे या शहरात मुद्राचित्रे करणारी मुले भाड्याच्या खोल्यांतून आजही भेटतात. अशाच एका मुलीकडे आम्ही एक एचिंग पाहिले : जुन्या पोळातील घराची लाकडी खिडकी, आणि आत अंधारात कुणी बसले आहे की कपडे वाळत आहेत, हे न कळणारे काहीतरी. खाली पेन्सिलीने सही आणि 4/12 हा आकडा. म्हणजे एकूण बारा प्रतींपैकी ही चौथी. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा काढायच्या, आम्लात बुडवून त्या खोल करायच्या, शाई भरून पत्रा मलमलीने पुसायचा आणि ओल्या कागदासह दाबयंत्राखालून काढायचा. शाई भरण्यापासून पुढचे हे सारे प्रत्येक प्रतीस नव्याने. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटतो. बोट न लावता कागद तिरपा धरला की तो दिसतो. बाजारात संगणकावरून छापलेली चित्रे मिळतात. ती घेण्यात पाप नाही, पण त्यांना हा दाब नसतो आणि भिंगाखाली ठिपके दिसतात, तेव्हा किंमतही त्या मानाने द्यावी.

किंमत तिने 1800 रुपये सांगितली. महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम त्याच आठवड्यात जमा झाली होती. आम्ही घासाघीस केली नाही. भाजीवाल्याशी करतो, हे मान्य. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, काळ्यापांढऱ्या चित्राला एवढे पैसे?” लेखा विभागातून निवृत्त झालेल्या स्नेह्यांची हरकत निराळी होती : “म्हणजे आणखी अकरा जणांकडे हेच चित्र असणार!” आम्ही त्यांना सरस्वतीसमोर उभे केले. तिच्या प्रती किती असतील, याचा हिशेब त्यांनी केला नाही.

फ्रेमचा अंदाज ऐकून कारागीरही चमकला. “साहेब, चित्र करतां तो फ्रेम मोंघी पडशे!” पडली. 2300 रुपये. माउंटची खिडकी पत्र्याच्या दाबाच्या बाहेरून कापावी, सही व आकडा झाकू नये, एवढे आम्ही दोनदा बजावले. त्याला ते आधीच ठाऊक होते, आणि त्याने ते सौम्यपणे दाखवूनही दिले. आता हे चित्र जेवणाच्या टेबलासमोर आहे. सौभाग्यवतींच्या मते आत कपडेच वाळत आहेत.

सरस्वती मात्र आतल्या भिंतीवर आहे, स्नानगृहापासून दूर, उन्हाची तिरीप न पोहोचणाऱ्या जागी. तिची दुरुस्ती झाल्याचे वृत्त भावांपर्यंत पोहोचले, आणि तूर्तास हा शब्द संपुष्टात आला. पुण्याच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे, नातीच्या हस्ताक्षराचा श्रीगणेशा तिच्यासमोर व्हावा. इंदूरचे मधले बंधू म्हणतात, अशा तसबिरींना हल्ली गिऱ्हाईक असते; विकून तीन भाग करावेत. आम्ही दोघांनाही सविस्तर पत्र लिहिले : ज्याच्या घरी कोरडी, सावलीतली भिंत असेल आणि जो दर दिवाळीस तसबीर उतरवून तिची पाठ तपासील, त्याने ती न्यावी, विकण्यास आमची संमती नाही. धाकट्यांनी भिंतीची छायाचित्रे पाठविली आहेत. त्यांत उजवीकडे पश्चिमेची मोठी खिडकी दिसते. मधल्यांनी उत्तरी एवढेच विचारले आहे, की फ्रेमचा खर्च तिघांत वाटून घ्यायचा आहे काय. पावती आम्ही जपून ठेवली आहे.