अकरा तिकिटांचा हिशेब

संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे आणि संत्र्यांच्या बागांमुळे ते पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. तेथील बाजारपेठेत एका जैन कुटुंबाचे किराणा व धान्याचे जुने दुकान आहे. दुकानाचा व्यवहार आता मुलगा पाहतो. परंतु शहात्तर वर्षांचे आजोबा आजही सकाळी गादीवर येऊन बसतात आणि आदल्या दिवसाची रोजकीर्द डोळ्यांखालून घातल्याशिवाय चहा घेत नाहीत. या घरातील चौदा वर्षांच्या नातवाच्या हातून २०२५ च्या जानेवारीत जे घडले, ते कोणत्याही व्यापारी घरात घडू शकेल असे आहे.

६ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना ठरला होता. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा संघ बरोबर अकराचा. सर्वांनी मिळून सामना पाहायला जायचे असा बेत ठरला आणि नातवाला खजिनदार करण्यात आले. व्यापाऱ्याच्या घरातला म्हणून हिशेब त्याच्याकडे, हे मुलांना स्वाभाविक वाटले.

तिकिटे मिळवणे मात्र सोपे नव्हते. विक्री मोबाइलवरून, एका खात्यावर ठराविकच तिकिटे, आणि अकरा जागा एकत्र हव्यात तर दैवाचीच साथ हवी. विक्री सुरू झाली तेव्हा मुले शाळेत होती. घरी येऊन पाहावे तो स्वस्त रांगा भरून गेलेल्या. जी तिकिटे उरली होती, त्यांच्यासाठी अकरा जणांचा खिसा पुरेसा नव्हता. शिवाय आंतरराष्ट्रीय सामन्याचे तिकीट ५०० रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला तो माफ आहे. आयपीएलच्या तिकिटावर त्या वेळी २८ टक्के कर होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे मूळ १००० रुपयांचे तिकीट ग्राहकाला १४०० रुपयांना पडते. हे गणित मोठ्यांनाही बहुधा पैसे मोजतानाच कळते. मुलांना ते कोठून ठाऊक असणार?

अशा वेळी मोबाइलवर एक अनोळखी माणूस भेटला. ‘गटासाठी सवलत, प्रत्येकी ९०० रुपये, अकरा जागा एकाच रांगेत, निम्मी रक्कम आगाऊ द्या, उरलेली मैदानाच्या दाराशी’, असा त्याचा प्रस्ताव होता. त्याने तिकिटांची छायाचित्रेही पाठवली. नातवाने प्रत्येकाकडून ४५० रुपये गोळा केले, वडिलांच्या मोबाइलवरून एकूण ४,९५० रुपये पाठवले आणि रोख रक्कम गल्ल्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो क्रमांक लागेनासा झाला.

मुलाने दोन दिवस कोणालाही काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांनी रोजकीर्द पाहिली. गल्ल्यात ४,९५० रुपये जास्त आणि बँकेत तेवढेच कमी. बेरीज जुळत होती, पण नोंद नव्हती. त्यांनी नातवाला हाक मारली आणि वही पुढे सरकवली.

“बाळा, ही रक्कम कोणाची?”

मुलगा रडू लागला. आजोबांनी त्याला रडू दिले, पाणी दिले आणि सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मग त्यांनी मुलाच्या वडिलांना बोलावले. पहिले काम रागवण्याचे नव्हते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली, त्यानंतर वडील बँकेत अर्ज देऊन आले. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फसवणुकीनंतर जितक्या लवकर हा क्रमांक फिरवला जाईल, तितकी समोरच्या खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात काही तासांतच फिरतात. मुलाचे दोन दिवस लाजेत गेले होते. रक्कम परत आली नाही.

वडिलांचे म्हणणे सरळ होते : पैसे गल्ल्यातून द्यावेत, मुलांना परत करावेत आणि विषय मिटवावा. पाच हजारांनी दुकान बुडत नाही. आजोबांना ते मान्य झाले नाही.

“पैसे दुकानातून दिले तर पोरांचे पैसे फिटतील, याची पत फिटणार नाही,” ते म्हणाले. “दहा घरांनी यालाच पैसे दिले होते, दुकानाला नाही.”

त्यांनी वहीत नातवाच्या नावाने नवे खाते उघडले. स्वतःचे ४५० रुपये त्याने गमावलेच होते. उरलेले दहा जणांचे ४,५०० रुपये आजोबांनी त्याला बिनव्याजी उसने दिले आणि त्याच्या नावे टाकले. फेड दर रविवारी दुकानात काम करून करायची : माल लावणे, पुड्या बांधणे, उधारीच्या चिठ्ठ्या लिहिणे. एका रविवारचे १५० रुपये. मुदत दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत. मात्र अट एकच होती : प्रत्येक घरी त्याने स्वतः जायचे, रक्कम हातात द्यायची आणि काय घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. पैसे सामना रद्द झाल्यामुळे परत मिळाले असे कोठेही म्हणायचे नाही.

त्या संध्याकाळी मुलगा दहा दारांत उभा राहिला. कोणी हसले, कोणी समजूत घातली. एका घरातील आईने मात्र पैसे मोजून घेतले आणि म्हटले, “सांगितलेस ते बरे केलेस, पण आता पैसे जमवायचे काम दुसऱ्याकडे दे.” मुलाला ते वाक्य फार लागले. आजोबांनी ऐकले तेव्हा ते एवढेच बोलले की बाई बरोबर बोलल्या.

सामना गेला. तो मुलांनी घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. भारत चार गडी राखून जिंकला. परंतु आजोबांच्या मनात दुसरेच काही घोळत होते. जानेवारी संपताना त्यांनी बातम्यांत दिल्लीचे दृश्य पाहिले होते. विराट कोहली बारा वर्षांहून अधिक काळाने रणजी सामना खेळणार म्हणून ३० जानेवारीला अरुण जेटली मैदानाबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या होत्या, आणि आत जायला तिकीट नव्हते. जगातील एवढा मोठा खेळाडू, आणि प्रवेश फुकट! स्वतः आजोबा १९८७ च्या विश्वचषकात बाजारातील मित्रांबरोबर नागपूरला गेले होते. ३१ ऑक्टोबरचा तो सामना, चेतन शर्माचे सलग तीन बळी आणि सुनील गावसकरांचे एकदिवसीय क्रिकेटमधील एकमेव शतक, हे सारे ते अजूनही षटकांच्या क्रमाने सांगतात. मैदानात बसून पाहिलेला खेळ चाळीस वर्षे टिकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

२१ फेब्रुवारीला जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले. रणजी करंडकाची अंतिम लढत त्याच मैदानावर २६ फेब्रुवारीपासून केरळशी होणार हे निश्चित झाले. केरळचा संघ प्रथमच अंतिम फेरीत आला होता. रणजीच्या सामन्यांना सहसा तिकीट नसते. आजोबांनी नातवाला बोलावले आणि कोरा कागद दिला.

“अकरा पोरे आणि आम्ही दोघे म्हातारे, एकूण तेरा. प्रवेशाच्या रकान्यात शून्य लिही. बाकीचे रकाने तू भर.”

तो कागद भरताना मुलगा पुष्कळ शिकला. रेल्वेच्या एका आरक्षण तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात, म्हणून तेरांसाठी तीन तिकिटे लागतात. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे; पण एस.टी.मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आणि महिलांना निम्मे भाडे. म्हणून सोनाळा ते शेगाव एस.टी.ने गेल्यास आजोबांचे भाडे शून्य, आजींचे निम्मे. शेगावहून नागपूर रेल्वेने. नागपुरात मुक्काम धर्मशाळेत. शहरातून मेट्रोने खापरीपर्यंत आणि तेथून पुढे जामठ्यापर्यंत रिक्षाने. पैसे आगाऊ गोळा करायचे नाहीत, असे मुलानेच सुचवले. खर्च आजोबांनी करावा, प्रत्येक पावती जपावी आणि परतल्यावर तेराव्या हिश्श्याने वाटणी व्हावी. आजोबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि कागदावर सही केली.

शुक्रवारी दुपारी मंडळी निघाली. आजींनी सर्वांसाठी एकच शिदोरी केली होती : खाकरे, मेथीचे ठेपले, गुळपापडी. अकरा मुलांपैकी जैन तिघेच. पण कांदा-बटाट्याची आठवण कोणालाही झाली नाही. रात्रीच्या सामन्यांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्यांची नेहमी कुचंबणा होते. रणजीचा खेळ सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास थांबतो. बाहेर येऊन दिवसाउजेडी जेवायला पुरेसा अवकाश राहतो. आजींच्या दृष्टीने या खेळाचा हा सर्वांत मोठा गुण होता.

शनिवार, १ मार्च हा सामन्याचा चौथा दिवस. विदर्भाकडे पहिल्या डावाची अवघ्या ३७ धावांची आघाडी होती. करुण नायर फलंदाजीला आला तेव्हा आजोबांनी मुलांना त्याची हकीकत सांगितली. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करणारा हा खेळाडू पुढे संघाबाहेर गेला, स्वतःच्या राज्याच्या संघातही त्याला जागा उरली नाही. क्रिकेटकडे त्याने आणखी एक संधी जाहीरपणे मागितली, आणि ती त्याला विदर्भाने दिली. याच सामन्याच्या पहिल्या डावात तो ८६ धावांवर धावबाद झाला होता. आज ३१ धावांवर त्याचा झेल सुटला. मुलांनी श्वास रोखले. त्यानंतर तो खेळतच राहिला. शतक पूर्ण होताच त्याने नऊ बोटे दाखवली : त्या हंगामातील नववे शतक. खेळ थांबला तेव्हा तो १३२ धावांवर नाबाद होता.

दुसऱ्या दिवशी सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील त्या ३७ धावांवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. तोपर्यंत मंडळी सोनाळ्याला परतली होती. रविवार असल्याने नातू दुकानात पुड्या बांधत होता. विजयाची बातमी त्याला गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कळली. संध्याकाळी त्याने सर्व पावत्या मांडल्या, तेराने भाग दिला आणि हिशेबाचा कागद दहा घरी नेऊन दिला. ज्या आईने पैसे मोजून घेतले होते, तिने कागद पूर्ण वाचला, पैसे आणून दिले आणि विचारले, “पुढच्या वेळी कधी जाणार?”

तीस रविवारांचे काम होते. सप्टेंबरअखेरीस ते पूर्ण झाले, दिवाळीच्या आधीच. वहीपूजनाच्या दिवशी आजोबांनी जुनी वही शेवटची उघडली, नातवाच्या खात्यावर ४,५०० रुपये जमेची बेरीज घातली, खाली दोन रेघा ओढल्या आणि वही त्याच्या हातात दिली. नव्या वहीत त्याचे खाते पुढे ओढण्याचे कारण उरले नव्हते. परंतु मुलाने एक पान मागून घेतले आणि त्यावर पुढच्या हंगामाचे रकाने आखले. पहिला रकाना प्रवेशाचा होता.