घड्याळामागचे पत्र

माझा धाकटा भाऊ वसईहून इंग्लंडला गेला आणि लंडनच्या पश्चिमेस हाऊन्स्लो येथे स्थायिक झाला. विमानांत जाणारे जेवण तयार होते अशा एका ठिकाणी तो रात्रपाळी करी. मधुमेह होता आणि सिगारेट सुटत नव्हती. एका रविवारी फोनवर तो म्हणाला, "दादा, एक पत्र आलंय. आरोग्याच्या अभ्यासासाठी बोलावलंय. रक्त घेणार, रक्तदाब पाहणार, हाताची पकड मोजणार, ढीगभर प्रश्न विचारणार. दोन-तीन तास जातील. जाऊ का?"

मी सारी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवलेली. म्हणालो, "ते काही तुझ्यावर उपचार करणार नाहीत. मग झोपमोड कशाला? लाखो लोक जातील, तुझ्या एकट्यावाचून कोणाचे अडणार आहे?"

त्याने पत्र घड्याळामागे ठेवून दिले. २०१३ साली हृदयविकाराने तो गेला.

ते पत्र ‘यूके बायोबँक’चे होते. २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमधील ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख स्त्री-पुरुषांना अशी पत्रे गेली. आले पाच लाख, म्हणजे शंभरांत साडेपाच. हे साडेपाच कोण, याचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने ते कमी धूम्रपान करणारे, कमी स्थूल आणि अधिक सुस्थितीतल्या वस्त्यांत राहणारे निघाले. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात त्यांच्यातील पुरुषांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी, तर स्त्रियांचा सुमारे ५६ टक्क्यांनी कमी होता. संख्याशास्त्र याला निवडीची अभिनती म्हणते.

मला हे कळायला इतकी वर्षे लागावीत याची लाज वाटते. परीक्षेच्या दिवशी कच्ची मुले हमखास गैरहजर राहत. मग वर्गाची सरासरी वाढे, आणि ती मी मुख्याध्यापकांना ऐटीत सांगत असे. वर्ग साठांचा असो की सहाशेंचा, जे येत नाहीत ते एकाच प्रकारचे असतील, तर केवळ संख्या वाढवून ही खोट भरून निघत नाही.

हा अभ्यास निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यासारखे बळकट नाते त्यातही स्पष्ट दिसते. मात्र देशात मधुमेही किती, हे त्यावरून सांगू नये, आणि खुद्द संशोधकांनीही तसे बजावलेले आहे. कधी कधी नातीही वाकडी होतात. समजा, शिकलेली माणसे हौसेने येतात आणि घरात कोणाला आजार झालेली माणसे धास्तीने येतात. मग आलेल्यांपैकी जो कमी शिकलेला, तो बहुधा आजाराच्या धास्तीने आलेला असणार. बाहेर कोठेही नसलेला शिक्षणाचा आणि घरातल्या आजाराचा संबंध कागदावर मात्र उमटतो.

माझ्या सल्ल्याने भावाचे आयुष्य कमी झाले, असे मी म्हणत नाही. पण रात्रपाळी करणारा, पायी थकलेला, सिगारेट ओढणारा असा एक माणूस त्या पाच लाखांत असायला हवा होता, आणि त्याला मी घरी बसवले. त्याच्यासारख्या किती जणांना कोणी ना कोणी हेच सांगितले असेल?

पुढे एकदा भावजय वसईला आली तेव्हा ते पत्र तिने बरोबर आणले होते. घर आवरताना सापडले म्हणाली. पाकीट फोडलेले, कागदावर चहाचा डाग. तिने विचारले, "ह्यांचं नाव कुठंतरी राहिलं असेल ना त्यांच्याकडे?"

"अभ्यासात नाही," मी म्हणालो. "बोलावलेल्या ब्याण्णव लाखांत आहे."

तिने कागद पुन्हा घडी करून पाकिटात घातला.